दोन वायरी जोडून गाडी चालवणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठीच आहे



या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाईट आहे. अकराला मोटार चालू केली, अद्रकाचं ठिबक सुटलं, आता तीन वाजेपर्यंत विहिरीवर बसून राहायचं. कंदकुजीवर लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या वेळी. आज गाडीच्या चावीवर लिहितो. शेतीच्या पानावर गाडीची चावी कामून, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आधी आपल्या दारातली गाडी बघून यावी. स्टेअरिंगखाली काळ्या टेपनं गुंडाळलेल्या दोन वायरी आणि डॅशबोर्डला भोक पाडून बसवलेला खटका दिसला, तर पुढचं सगळं वाचा.

गेल्या मंगळवारची गोष्ट. चुलत भावाची जुनी व्हॅन अंगणात उभी होती. हँडब्रेक धरत नाही, म्हणून नेहमीसारखी पहिल्या गिअरमध्ये लावलेली. त्याचं सात वर्षांचं पोरगं आत जाऊन बसलं, खटका वर केला आणि लाल बटन दाबलं. चावी लागतच नव्हती ना. सेल्फ फिरला आणि गाडीनं चार-पाच फूट उडी मारली. समोर मोठी काकू ओसरीच्या कडेला बसून लसूण निवडत होती. इंजिन थंड होतं म्हणून पेटलं नाही, गाडी ओसरीच्या दगडाला अडून थांबली. पण तेवढ्यात काकूचा पाय बंपर आणि दगडाच्या मधात आला होता. घोट्याच्या वरचं हाड मोडलं. घाटीत नेलं, प्लास्टर झालं, सहा आठवडे पाय टेकवायचा नाही.

त्या दिवसापासून येणारं-जाणारं प्रत्येक माणूस एकच बोलतंय, "पोरगं लई वांड हाय." पोराला दोन रट्टेही बसले. बटनाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. जसं काही गाडीला बटन असणं म्हणजे म्हशीला शेपूट असणं.

ते बटन भावाच्या गाडीला मी बसवलं होतं. गेल्या दिवाळीत, माझ्या हातानं, वरून चहा पिऊन. माझ्या गाडीलाही तसलंच होतं आणि मी ते येईल त्याला कौतुकानं दाखवायचो. म्हणून आज जे लिहितोय ते पहिल्यांदा मला लागू आहे, मग तुम्हाला.

माझ्या गाडीचं कसं झालं ते सांगतो, कारण बहुतेकांचं असंच होतं. माझी व्हॅन २००७ ची, पेट्रोलची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, दोष कंपनीचा नाही. इतकी वर्षं रोज दहा-दहा वेळा चावी फिरवल्यावर कुठलाही स्विच झिजणारच. शिवाय माझ्या चावीच्या जुडग्यात काय काय होतं बघा. घराची चावी, शेडची, विहिरीवरच्या पेटीची, मोटारसायकलची, जेजुरीहून आणलेला पितळी टाक, एक बाटली उघडायचं आणि एक छोटा चाकू. पाव किलो वजन त्या स्विचला दिवसभर लोंबकळत होतं, आणि आमच्या शिवरस्त्यावर ते घड्याळाच्या लंबकासारखं हलत होतं.

सुरुवातीला काय व्हायचं, तर चावी स्टार्टवर धरली की इंजिन पेटायचं आणि सोडली की बंद. हे लक्षण नीट ध्यानात ठेवा. मग कधी खड्ड्यात आदळली की मीटरमधले सगळे दिवे गुल आणि लगेच परत चालू. कधी चावी फिरवली तर नुसतीच चूप. मी गाडी तालुक्याला नेली. तिथल्या मिस्त्रीनं गाडी खाली वाकून बघितलीसुद्धा नाही, म्हणाला बॅटरी गेली. बॅटरी टाकली. आठ दिवसांनी परत तेच. म्हणाला सेल्फ उतरवावा लागतो. सेल्फचे कार्बन, बुश सगळं झालं. परत तेच. मग कॉइल बदलली. तोपर्यंत साडेसहा हजाराच्या वर गेले होते आणि दुखणं जिथल्या तिथं. मिस्त्रीचं नाव लिहून उपयोग नाही, हा काही एका माणसाचा दोष नाही. हातात टेस्ट लॅम्प घेऊन करंट कुठपर्यंत येतो आणि कुठून पुढे जात नाही हे बघायचा दहा मिनिटांचा कंटाळा, आणि त्या कंटाळ्याचं बिल आपल्या नावावर. आपणही असे, की डॉक्टरनं नुसतं तपासून फी मागितली तर राग येतो, सलाईन लावली की बरं वाटतं. मिस्त्रीनं शोधायचे शंभर रुपये मागितले तर आपण देत नाही, पार्ट बदलला की हजार देतो.

मग दौलताबादचा घाट. खुलताबादहून खाली उतरताना पहाटे साडेतीनला गाडीत अद्रकाच्या सात गोण्या, जाधववाडीला लिलावाच्या आत पोचायचं. उतारावर एका वळणाच्या अलीकडं गाडी आदळली आणि इंजिन गेलं. हेडलाईट तेवढी राहिली, कारण माझ्या गाडीत तिचा करंट चावीतून येत नाही. इंजिन बंद पडलं की ब्रेकच्या बूस्टरला मिळणारा व्हॅक्यूम बंद होतो. एक-दोन वेळा पाय दाबेपर्यंत साठलेला व्हॅक्यूम पुरतो, तिसऱ्यांदा पायडल दगडासारखं होतं. सगळा जोर लावून उभा राहिल्यासारखा ब्रेक दाबला तेव्हा गाडी कठड्याच्या बाजूला थांबली. चावी हलवली, परत चालू झाली. त्या वेळी मी काय केलं? देवाला हात जोडले आणि बाजारात गेलो. भाव काय मिळाला ते विचारू नका.

परतताना शहरात रस्त्याकडेला एका वायरिंगवाल्यानं दोनशे रुपयात प्रश्न मिटवला. चावीमागची जाड वायर आणि इग्निशनची वायर तोडून खटक्याला जोडली, सेल्फची वायर हॉर्नच्या बटनाला. "काका, आता चावीची कटकटच नाही." आठ महिने गाडी मस्त चालली. मी गावात सांगत सुटलो, साडेसहा हजार घालवले आणि शेवटी दोनशेत काम झालं. भाऊ म्हणाला मलाही बसवून दे. दिलं.

आता त्या आठ महिन्यांत मी काय घेऊन फिरत होतो ते नीट बघू.

चावीच्या मागं एक छोटा प्लास्टिकचा डबा असतो, त्यात पितळी-तांब्याचे पॉइंट असतात. बॅटरीची एक वायर आत येते आणि चावी जशी फिरेल तशी ती एसीसीला, इग्निशनला आणि सेल्फच्या सोलेनॉइडला करंट देते. स्टार्टवरून चावी सोडली की आतली स्प्रिंग तिला ऑनवर परत आणते. विहिरीवरच्या स्टार्टरचे पॉइंट जसे काळे पडतात, तसेच हेही पडतात. काळे पडले की मधे अडथळा, अडथळा आला की गरम, गरम झालं की भोवतालचं प्लास्टिक मऊ आणि पॉइंट आणखी ढिले. स्टार्टवर चालू होते आणि ऑनवर बंद पडते ती याचमुळे. दोन्हींचे पॉइंट वेगळे असतात, एक चांगला आणि एक गेलेला. हे ज्याला कळलं त्यानं बॅटरीला हात लावायचं कारणच नव्हतं.

पण या डब्याच्या पुढं, चावीच्या बाजूला, दुसरी एक गोष्ट असते जी वायरिंगवाला विसरतो. स्टेअरिंग लॉक. चावी लॉकवर आणून काढली की एक लोखंडी खिट्टी स्टेअरिंगच्या दांड्यात पडते. आता विचार करा. गाडी खटक्यावर चालू आहे, चावीचा आणि इंजिनाचा काही संबंध उरलेला नाही. झिजलेल्या कुलपातून चालत्या गाडीत चावी लॉकवर सरकून निघाली, किंवा शेजारी बसलेल्यानं सहज म्हणून काढली, तर इंजिन चालूच राहतं आणि पुढच्या वळणाला स्टेअरिंग जागेवर बसतं. कंपनीनं चावी, करंट आणि स्टेअरिंगची खिट्टी एकाच दांड्यावर बसवली होती ती उगीच नाही. आपण त्यातला एकच भाग तोडून बाजूला काढतो आणि म्हणतो कटकट गेली. काही हुशार लोक मग खिट्टीच छिन्नीनं तोडून टाकतात. म्हणजे गाडी आता कुणाच्याही पोराला चालू करता येते आणि कुणाही चोराला नेता येते. चोरी झाल्यावर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. तिथं काय देणार, खटका?

शिवाय खटका चालू राहिला तर रात्रभर कॉइलमधून करंट जातो, कॉइल तापते, सकाळी बॅटरी बसलेली. वायरीला मधे फ्यूज नाही, पत्र्याच्या भोकातून तशीच ओढलेली, दोन वर्षांत इन्सुलेशन घासलं की ठिणगी पत्र्याला. ज्यांच्या व्हॅनला गॅस किट आहे त्यांनी तर हे वाक्य दोनदा वाचावं. तुमच्या टाकीच्या व्हॉल्वला करंट इग्निशनवरूनच येतो.

कुणी म्हणेल, आपलं सगळं आयुष्यच जुगाडावर चाललंय. बरोबर आहे. जुगाडावर २०१२ साली इंग्रजीत जाडजूड पुस्तकसुद्धा निघालं, शहरातले लोक आपलं कौतुक करतात. मलाही जुगाडाचा राग नाही. ठिबकच्या नळीला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधतो, व्हॉल्वमध्ये चपलेचा तुकडा वायसर म्हणून घालतो, फवारणीच्या पंपाला गोणीचा पट्टा शिवतो. का चालतं? कारण ते निसटलं तर पाणी गळतं, फार तर खांदा दुखतो. आता विहिरीवरच्या स्टार्टरकडं बघा. व्होल्टेज पडलं की नो-व्होल्ट कॉइल स्टार्टरला सोडून देते, ते तिचं कामच आहे. आपल्याला ते आवडत नाही, म्हणून आपण काडी खोचून ठेवतो. मोटार जळते आणि आपण म्हणतो लाईटवाल्यांनी जाळली. चावीचं बटन या दुसऱ्या जातीचं आहे. ते निसटलं तर काय होतं, हा प्रश्न बसवताना मी एकदाही विचारला नाही. वायरिंगवाल्यानंही नाही. आम्ही दोघांनी फक्त गाडी चालू होते का एवढंच बघितलं.

चावीच्या स्विचनं माणूस मरतो का, असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी अमेरिकेतलं प्रकरण. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत हा स्विच आतून हलका होता. जुडगं जड असलं, गुडघा लागला किंवा गाडी आदळली की चावी ऑनवरून एसीसीवर घसरायची. चालत्या गाडीत इंजिन बंद, पॉवर स्टेअरिंग बंद, आणि धडक झाली तर एअरबॅगही उघडायची नाही. २०१४ साली कंपनीनं २६ लाख गाड्या परत बोलावल्या. नुकसानभरपाईसाठी जो निधी नेमला होता त्यानं शेवटी १२४ मृत्यू या स्विचमुळं झाल्याचं मान्य केलं. २०१५ ला कंपनीनं तिथल्या सरकारशी ९० कोटी डॉलरची तडजोड केली. आणि दुरुस्तीला लागणारा पार्ट एक डॉलरच्या आतला होता.

त्यातली मला सगळ्यात जास्त झोंबलेली गोष्ट वेगळी आहे. कंपनीच्या इंजिनिअरनं मधल्या काळात हा स्विच गुपचूप सुधारला होता, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळं जुना कुठला आणि नवा कुठला हे बाहेर कुणाला कळायला मार्ग नव्हता. २०१० साली जॉर्जिया राज्यात एक तरुण मुलगी अशा गाडीत गेली. तिच्या आई-बापानं केस लावली, त्यांच्या बाजूच्या तज्ज्ञानं तिच्या गाडीतला स्विच आणि नवा विकत घेतलेला स्विच शेजारी शेजारी उघडून ठेवले, तेव्हा कळलं की आतला भाग वेगळा आहे. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीचं पितळ उघडं पाडायला शेवटी एका माणसानं दोन स्विच टेबलावर उघडून बघणंच कामी आलं. दुरुस्ती होईपर्यंत कंपनीनं गाडीवाल्यांना काय सांगितलं होतं माहितीये? जुडग्यात फक्त गाडीची चावी ठेवा, बाकी सगळं काढा. माझा पितळी टाक आता देव्हाऱ्यात आहे.

आपल्याकडं एप्रिल २०२१ पासून सरकार सक्तीनं गाड्या परत बोलवायला लावू शकतं, पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. तुमची-माझी पंधरा-अठरा वर्षांची व्हॅन त्यात येत नाही. तिचा वाली आपणच.

आणि हे सगळं कुठं चाललंय? वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. एन्ड्युरन्स, व्हॅरॉक या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांची मुख्य ठिकाणंच वाळूजला आहेत. शेंद्र्याला स्कोडा २००१ पासून. बिडकीनला टोयोटासाठी २०२४ ला करार झाला. आमच्या गावची वीस-पंचवीस पोरं रोज कंपनीच्या बसनं जातात. तिथं ती गेज लावून पार्ट मोजतात, केसाएवढा फरक असला की लाल डब्यात टाकतात. तीच पोरं संध्याकाळी घरी येतात आणि दातानं वायर सोलून दोन टोकं पिळतात. मी त्यातल्या एकाला विचारलं, कंपनीत असं केलं तर? "काका, कंपनीत घरी पाठवतेन." मग घरी असं कसं चालतं रे? हसला नुसता.

दुसरी बाजू शहाण्यांची. ते म्हणतात, एवढी जुनी गाडी ठेवताच कशाला, पंधरा वर्षं झाली की भंगारात घाला, सरकारचा नियमच आहे. नियम तसा नाही. पेट्रोलच्या पंधरा आणि डिझेलच्या दहा वर्षांची गोष्ट दिल्लीची आहे, हरित लवादाची आणि सुप्रीम कोर्टाची. आपल्याकडं खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळतं, गाडी तपासून. एप्रिल २०२२ पासून त्याची फी सहाशेची पाच हजार केली, वर पर्यावरण कर वेगळा. मी भरलेत. म्हणजे गाडी कायद्यानं चालवायची परवानगी मी विकत घेतली आहे, मला कुणी उपकार केलेले नाहीत. नवी व्हॅन घ्यायची तर दोन एकर अद्रक सरळ जावं लागतं, आणि अद्रक सरळ कधी जातं हे मला सांगू नका. पण याच शहाण्यांना माझं एक उत्तर आहे आणि ते माझ्याच अंगावर येतं. जुनी गाडी ठेवायचा हक्क मागायचा तर ती नीट ठेवावी लागेल. खटक्यावरची व्हॅन बघून ते म्हणाले भंगार, तर मी कोणत्या तोंडानं भांडू?

रविवारी मी दोन्ही गाड्यांची बटनं काढली. कसं केलं ते लिहितो, म्हणजे कुणी "लई अवघड हाय" म्हणायला नको.

आधी खात्री. बॅटरीची मायनस काढायच्या आधी टेस्ट लॅम्पची चिमटी पत्र्याला लावली, टोक स्विचमागच्या जाड वायरीला. दिवा लख्ख. चावी ऑनवर आणून इग्निशनच्या वायरीला लावलं, दिवा मिणमिणला, चावी हलवली की नाचला. मीटर असेल तर एक टोक आत येणाऱ्या वायरीवर आणि दुसरं बाहेर जाणाऱ्यावर धरा, चावी ऑन, सगळं चालू. स्विच चांगला असेल तर काट्याला फार काही दिसायला नको. अर्ध्या व्होल्टच्या वर मधेच खाल्ला जात असेल तर स्विच गेला. माझ्या गाडीत सव्वा व्होल्टच्या आसपास जात होता. एवढं बघायला पाच मिनिटं लागली. बॅटरी, सेल्फ, कॉइल हे तिघेही बिनकामाचे बदलले गेले होते.

मग मायनस काढली. स्टेअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर चार स्क्रूंवर होतं, एक स्क्रू आठ महिन्यांपूर्वीच हरवलेला. मागचा डबा एका बारीक स्क्रूनं कुलपाला लागलेला असतो, कपलर ओढलं की हातात. दुकानात जुना डबा सोबत नेला. पहिल्या दुकानात म्हणाले नुसता डबा मिळत नाही, चावी-कुलपासकट पूर्ण सेट घ्या, दरवाज्यांसह अठराशे. दुसऱ्या दुकानात नुसता डबा तीनशे ऐंशीला मिळाला. पूर्ण सेट कधी लागतो, तर कुलूपच झिजलं असेल, म्हणजे चालत्या गाडीत चावी उपसून निघत असेल तर. भावाच्या गाडीत तसंच होतं, त्याला सेट घ्यावाच लागला. त्याचे बोल्ट असे असतात की कसताना डोकं तुटून जातं, चोराला खोलता येऊ नये म्हणून. ते छिन्नीनं हळूहळू फिरवून काढावे लागतात, तिथं मात्र माहितगार माणूस बोलवा. मी बोलावला.

पार्ट घेताना तिथंच काउंटरवर चार गोष्टी बघा. जुन्याच्या शेजारी ठेवून पिना तेवढ्याच आणि त्याच जागी आहेत का, कपलर घट्ट बसतं का, स्टार्टवरून सोडल्यावर झटक्यात परत येतं का, आणि हातात पोकळ लागतो का. डुप्लिकेट माल हलका असतो आणि स्प्रिंग मेलेली असते. स्प्रिंग अडकली तर सेल्फ इंजिनासोबत फिरत राहतो आणि जळतो. पन्नास रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

कापलेल्या वायरी मूळच्यासारख्या जोडल्या, सोल्डर करून, वर उष्णतेनं आवळणारी नळी. हॉर्न, टेप आणि मी हौसेनं लावलेला फॉग लॅम्प, हे सगळं इग्निशनच्याच वायरीवर टोचलेलं निघालं. स्विच का तापत होता ते तिथं कळलं. फॉग लॅम्पला रिले लावला. विहिरीच्या स्टार्टरमध्ये हिरवं बटन मोटारीचा लोड घेत नाही, कॉइल ओढतं आणि लोड पॉइंट घेतात, तसंच इथं. रिलेच्या ८५ आणि ८६ वर बटनाचा हलका करंट, ३० वर फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून दिवा. रिले, फ्यूज, वायर मिळून अडीचशेच्या आत.

मायनस जोडायच्या आधी चावी काढून स्टेअरिंग लॉक पडतं का बघितलं, चावी घालून सुटतं का बघितलं. मग मायनस लावून एसीसी, ऑन, स्टार्ट, परत ऑन, दहा-बारा वेळा. नंतर गाडी चालू ठेवून चावी वर-खाली, डावी-उजवी हलवली. दिवे जागचे हलले नाहीत. त्याच दिवशी हँडब्रेकची केबलही कसली, दोन्ही गाड्यांची. खरं तर तो आळस पहिला होता, चावीचा नंतरचा.

सगळा खर्च माझ्या गाडीला साडेसहाशे, भावाच्याला दोन हजार आठशे. भावाच्याचे पैसे मी दिले. तो नको म्हणत होता.

काकूकडं काल गेलो होतो. लाल बटन खिशातच होतं, का ठेवलं होतं माहीत नाही. ती म्हणाली, "तू कामून तोंड पाडून बसला? पोरानं केलं ते." मी तिला सांगितलं की बटन मी लावलं होतं. तिला आधीच माहीत होतं. म्हणाली, "मंग पोराला कामून मारलं?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, पोराच्या बापाकडंही नव्हतं. पोरगं दाराआड उभं होतं.

दोन वाजून गेले. खालच्या वाफ्याचं फिल्टर धुवायला उठावं लागेल, प्रेशर पडलंय. येत्या रविवारी सकाळी नऊपासून मी शेडवर आहे. टेस्ट लॅम्प, मीटर, सोल्डर सगळं आहे. ज्याच्या गाडीला खटका असेल त्यानं गाडी घेऊन यावी, फक्त पार्ट आपला आपण आणावा आणि जुना डबा फेकू नये, उघडून बघायचाय. मजुरी नाही. गाडी लावताना गिअरमध्ये लावू नका, चाकाला दगड लावा, पोरं खेळत असतात.